एक वाफा मधमाशीसाठी

गौरी-गणपती पावले. पावसाची झड उघडझाप करू लागली. खुरपणीची घाई सरत आली आणि खरिपाची काढणी अजून दाराशी यायची आहे. अशा मधल्या पंधरवड्यात घरच्या बाईला परसाकडे बघायला थोडी सवड मिळते. या सवडीत करण्याजोगे एक काम आज सांगायचे आहे. काम फुलांचे आहे, पण त्याचा गुण भाजीच्या टोपलीत दिसावा असे आहे.

गावोगाव एक तक्रार ऐकू येते. भोपळ्याचा वेल मांडवभर पसरला, फुलांनी पिवळा झाला, पण फळ सुपारीएवढे होते, पिवळे पडते आणि गळते. काकडी धरली तर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला वाळकी. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते खत कमी पडले. मग युरियाची मूठ पडते, वेल आणखी माजतो आणि फळ तसेच गळते.

खोट पुष्कळदा खतात नसते. भोपळा, काकडी, कारले यांच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच असते, म्हणून ते ओळखू येते. नर फुलाचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने उडत नाही. तो कोणीतरी अंगावर घेऊन मादी फुलापर्यंत पोचवावा लागतो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात माशी पुन्हा पुन्हा आली तर फळ, नाही तर गळ. ती एकदोनदाच येऊन गेली तर फळ धरते, पण वाकडे.

मग माशी का येत नाही? कारण तिला आपल्या परसाच्या आसपास राहण्याजोगे काही उरत नाही. मार्गशीर्ष-पौषात खरीप निघालेले असते, बांधावरची रानफुले वाळलेली असतात. रानात गहू आणि हरभरा उभा असतो. त्या पिकांना माशीची गरज नाही आणि माशीलाही तिथे फारसे काही मिळत नाही. जिथे करडई, मोहरी, धने किंवा आंब्याचा मोहोर आहे तिथे तिचे भागते. जिथे नाही तिथून ती उठून जाते. नंतर फाल्गुनात आपले उन्हाळी वेल फुलतात, तेव्हा आपण तिची वाट बघत बसतो. जिला दोन महिने उपाशी ठेवले ती तिसऱ्या महिन्यात आपल्या दारी कशी येणार?

या उपाशी दिवसांत परसात एखादा वाफा फुललेला ठेवावा, एवढेच आजचे सांगणे. त्यासाठी एक चांगले फूलझाड म्हणजे डेलिया. आपल्या थंडीत ते जोमाने फुलते आणि मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत दम धरते. फूल रुंद असल्यामुळे माशीला बसायलाही सोयीचे. मात्र डेलिया योग्य जातीचा हवा आणि वेळेवर फुलायला हवा. या दोन गोष्टी चुकल्या तर फूल दिसेल छान, पण माशी फिरकणार नाही.

कोणता डेलिया घ्यावा?

तालुक्याच्या रोपवाटिकेत गेले की आपली नजर ताटाएवढ्या गच्च फुलावर जाते. पाकळीला पाकळी लागलेली, मधला गाभा कुठे दिसतच नाही. देवाला, हाराला, प्रदर्शनाला ते फूल उत्तम. माशीच्या दृष्टीने मात्र ते बंद दुकान आहे.

याचे कारण समजून घ्यावे. डेलिया हा सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि करडई यांच्याच कुळातला. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेला दिसतात त्या रंगीत पाकळ्या, आणि मध्ये जो पिवळा गाभा असतो त्यात नळीसारखी चिमुकली फुले दाटीने बसलेली असतात. मध आणि पराग मिळतो तो मुख्यतः या गाभ्यात. गाभ्यातली फुले एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या कडेपासून आत, वेढ्यावेढ्याने रोज थोडी उमलतात. म्हणून एकच फूल माशीला चारपाच दिवस जेवू घालते. माणसाने निवड करून करून गच्च जाती तयार केल्या, तेव्हा गाभ्यातल्या नळ्यांच्याही पाकळ्या झाल्या. मध-पराग घटला, आणि उरला तो पाकळ्यांच्या गर्दीत झाकला गेला.

मेक्सिकोच्या डोंगरात डेलिया आजही रानात उगवतो. तिथला रानडेलिया एकेरीच आहे, बहुधा आठ पाकळ्यांचा, मध्ये उघडा पिवळा गाभा. तिथून तो १७८९ साली स्पेनमधल्या माद्रिदच्या राजबागेत गेला. १७९१ मध्ये अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. पुढे युरोपातल्या बागवानांनी त्याच्या असंख्य जाती काढल्या. १९६३ मध्ये मेक्सिकोने त्याला आपले राष्ट्रीय फूल ठरवले.

तेव्हा रोप किंवा बी घेताना ‘सिंगल’, म्हणजे एकेरी डेलिया मागावा. बुटक्या एकेरी जातींचे बी ‘मिन्यॉन’ किंवा ‘कोल्टनेस’ अशा नावांनी येते. ‘कॉलरेट’ नावाच्या प्रकारात मोठ्या पाकळ्यांच्या आत लहान पाकळ्यांची झालर असते, पण गाभा उघडा असतो. तोही चालेल. पाकिटावरचे नाव समजले नाही तरी चित्र बघावे. फुलाच्या मध्ये पिवळी टिकली स्वच्छ दिसते का, एवढी एकच परीक्षा पुरे.

गच्च डेलिया लावूच नये असे नाही. एकेरी फुलाच्या पाकळ्या तोडल्यावर लवकर झडतात. हाराला आणि बाजाराला ते टिकत नाही. म्हणून अंगणासमोर एक ओळ देवासाठी लावावी आणि परसात एक वाफा मधमाशीसाठी. दोघांचेही समाधान होते.

लवकर का फुलवावा?

मेक्सिको शहर आणि आपले पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. पण ते शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंचावर वसलेले आहे. डेलिया अशा थंड डोंगराचा रहिवासी. त्याला आपला मुसळधार पाऊस सोसत नाही आणि चैत्रातले ऊनही सोसत नाही. आपल्याकडे त्याचे राज्य फक्त थंडीचे.

त्यातही एक मेख आहे. दिवस लहान होत जातात तसे डेलियाचे झाड जमिनीखाली कंद भरण्याकडे वळते. झाड तोवर अंगाने भरलेले असेल तर कंदही भरतात आणि फुलेही येतात. पण कार्तिकात उशिरा लावलेले रोप वीतभर असतानाच लहान दिवसांच्या तावडीत सापडते. ते खुरटते, कशीबशी चार फुले देते, आणि जोम धरेपर्यंत ऊन तापते. बी भाद्रपदात पडले तर रोपाला वाढीचा पुरता काळ मिळतो आणि मार्गशीर्ष लागता लागता पहिली फुले दिसतात. बुटक्या एकेरी जाती पेरल्यापासून दहा ते बारा आठवड्यांत फुलतात. आज पेरले तर फूल केव्हा येईल, हे यावरून घरीच मोजता येईल.

रोपे अशी करावीत

बी चपटे, काळे आणि हाताळायला सोपे असते. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत पेरावे. परतीचा पाऊस अजून बाकी असतो, म्हणून उघड्यावर पेरू नये. ओसरीच्या कडेला, जिथे उजेड भरपूर आणि पागोळ्यांचा मार नाही अशा जागी खोके, जुने घमेले किंवा पसरट कुंडी ठेवावी. बुडाला भोके हवीतच. दोन भाग माती, एक भाग चाळलेले कुजके शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल, दोन बोटांच्या अंतराने टाकावे. वरून झारीने किंवा हाताने शिंपडून पाणी द्यावे. आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत कोंब वर येतो.

कोंब दिसल्याबरोबर खोके सकाळच्या उन्हात आणावे. सावलीत ठेवलेली रोपे लांबट, पिवळी होऊन लोळतात. रोपाला खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की, म्हणजे साधारण चार आठवड्यांनी, ते लावणीला तयार झाले. तोवर दसऱ्याच्या मागेपुढे पाऊसही ओसरलेला असतो. कोकणात मात्र घाई करू नये. तिथे रोपे मोठ्या कुंडीत किंवा पिशवीत वाढवावीत आणि आभाळ पुरते उघडल्यावरच जमिनीत न्यावीत.

ज्यांच्याकडे गेल्या वर्षीचे कंद आहेत त्यांनी ते आता बाहेर काढून ओलसर वाळूवर मांडावेत. डेलियाचा कंद रताळ्यासारखा दिसतो, पण रताळ्यासारखा कुठूनही फुटत नाही. त्याचा डोळा फक्त मानेशी, जुन्या खोडाच्या बुडाशी असतो. मान मोडलेला कंद कितीही जाडजूड असला तरी व्यर्थ. डोळे फुगलेले दिसले की धारदार चाकूने, प्रत्येक तुकड्याला एक डोळा राहील असे कापावे, कापल्या जागी राख लावावी आणि एक दिवस सावलीत सुकवून मग लावावे. कंदातून आलेले कोवळे फुटवे तीन बोटे लांब झाल्यावर पेराखाली कापून वाळूत खोचले, तर दोनतीन आठवड्यांत त्यांना मुळ्या फुटतात. एका कंदाची अशी पाचसहा रोपे सहज होतात.

बी आणि कंद यांत फरक आहे. कंदाचे किंवा फुटव्याचे झाड हुबेहूब आईसारखे निघते. बियाची झाडे मात्र एका पाकिटातली असूनही दहा रंगांची निघतात. मधमाशीच्या वाफ्याला रंगांची ही भेळ चालते, आणि खर्चही कमी पडतो.

लागण आणि निगा

जागा अशी निवडावी की दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळेल. वेलांच्या मांडवापासून फार लांब नसावी. पाणी साचणाऱ्या जागी डेलिया लावू नये. कंद सडतो आणि झाड उभ्या उभ्या माना टाकते. काळी, चिकण जमीन असेल तर वीतभर उंच गादीवाफा करून त्यात वाळू आणि शेणखत मिसळावे. मुरमाड जमिनीत शेणखत थोडे जास्त घालावे.

तीन फूट रुंद आणि आठदहा फूट लांब वाफा घरच्या परसाला पुरे. बुटक्या जाती दीड-दीड फुटावर, उंच जाती दोन ते अडीच फुटांवर लावाव्यात. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर लाकडाची राख मातीत कालवून घालावी. उंच जातीला लावणीच्या वेळीच काठी रोवावी. नंतर रोवली की ती नेमकी कंदातून जाते. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की पाला माजतो, कळी मागे पडते.

रोपाला पानांच्या तीनचार जोड्या झाल्या की शेंडा खुडण्याची रीत आहे. त्याने बगलफूट होऊन झाड डेरेदार होते आणि पुढे फुले जास्त येतात. पण खुडलेले झाड फुलायला दोनतीन आठवडे उशीर करते. म्हणून अर्ध्या रोपांचे शेंडे खुडावेत, अर्धी तशीच ठेवावीत. न खुडलेली आधी फुलतील आणि त्यांचा भर ओसरेपर्यंत खुडलेली ऐन बहरात येतील. एका वाफ्यात दोन बहर मिळतात.

थंडीत तीनचार दिवसांआड पाणी पुरते. माती बोटाने उकरून पाहावी. वरचे पेर सुकले असेल तर पाणी द्यावे. पाणी बुडाशी द्यावे, फुलांवर नको. पाण्याची टंचाई असेल तिथे भाजी-तांदूळ धुतलेले पाणी या वाफ्याकडे वळवावे. साबणाचे, कपडे धुतलेले पाणी मात्र नको. बुडाशी पाचटाचे किंवा वाळल्या पाल्याचे आच्छादन घातले तर एक पाणी वाचते. कळ्या दिसू लागल्या की पंधरा दिवसांतून एकदा शेणकाल्याचे पातळ पाणी द्यावे.

फुले सुकली की खुडत राहावे. सुकलेले फूल झाडावर राहिले की झाड बी धरते आणि नवी कळी थांबते. इथे नवख्या माणसाची गफलत होते, कारण पाकळ्या झडलेले फूल आणि नवी कळी दुरून सारखीच दिसतात. ओळख सोपी आहे. नवी कळी बोरासारखी गोल असते, झडलेले फूल टोकदार असते. गोल ठेवावी, टोकदार खुडावे. हे काम घरातल्या पोरांना शिकवले तर ती आवडीने करतात.

माशी येईल ती अशी

फुले लागल्यावर एखाद्या सकाळी आठनऊच्या सुमारास वाफ्याशी थोडा वेळ उभे राहावे. आपल्या पाहुण्या ओळखू येतील. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकाआड एक पोळी बांधून राहते ती सातेरी. झुडपात हातभर उंचीवर तळव्याएवढे एकच पोळे लावते ती नाजूक फुलोरी. उंच झाडाला, कड्याला मोठे पोळे टांगते ती आग्या. हिच्या वाटेला जाऊ नये, पण ती फुलावर असताना आपले काही वाकडे करत नाही. याखेरीज भिंतीच्या फटीत राहणारी बिनडंखाची चिमुकली माशी, जुन्या लाकडात भोक पाडणारा काळा भुंगा आणि मातीत बीळ करून एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या असतात.

एक गैरसमज मात्र दूर करावा. डेलियावर बसलेली मधमाशी तिथून उठून थेट भोपळ्यावर जाते असे नाही. मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुले धुंडाळते. डेलियाचा उपयोग वेगळा आहे. तो माशीला तुमच्या परसाच्या टापूत टिकवून ठेवतो. लहान माश्यांची धाव फार लांबची नसते. जवळ चारा असेल तरच त्या जवळ घर करतात, आणि घर जवळ असले की वेल फुलतात तेव्हा त्या आपोआप हजर असतात. मात्र एकट्या डेलियावर सगळा भार टाकू नये. वाफ्याच्या कडेने तुळस, धने आणि एकेरी झेंडू लावावा. जितके प्रकारचे फूल तितकी प्रकारची माशी.

तिला पाणीही लागते. पसरट परळात खडे घालून खड्यांची डोकी वर राहतील इतके पाणी ठेवावे, म्हणजे ती बुडत नाही. परसाचा एखादा कोपरा न खणता, न सारवता तसाच सोडावा. मातीत राहणाऱ्या माश्यांचे घर तिथेच होते. कुंपणातले फुलोरीचे पोळे जाळू नये.

यातून कोणाला मधपेटी ठेवावीशी वाटली तर ती शिकण्याची सोय आपल्या राज्यात आहे. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

फवाऱ्याचे भान

वर सांगितलेले सगळे एका फवाऱ्याने वाया जाते. माशीला बोलावून तिला विष पाजण्यापेक्षा न बोलावलेले बरे.

डेलियावर मावा, फुलकिडे आणि लाल कोळी येतात. मावा दिसला की आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. पहिल्या चारदोन फांद्यांवर असेल तर हाताने चिरडावा. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क करावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून, पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून एक लिटर अर्क करावा, पान ओले व्हावे म्हणून किंचित साबण घालावा आणि सूर्य मावळताना, माश्या घरी गेल्यावर, पानांवर फवारावा. उमललेल्या फुलांवर नको. पाने चुरमडून, पिवळे चट्टे पडून झाड खुरटले तर तो विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. झाड कंदासकट उपटून टाकावे, म्हणजे मावा तो रोग शेजारी नेणार नाही.

शेतातली फवारणीही परसापर्यंत पोचते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात आणि मधात-परागातही उतरतात. यामुळेच युरोपीय संघाने २०१८ मध्ये या दोन्हींसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती वापरात आहेत. म्हणून फवारा हाती घेणाऱ्या घरधन्याला आपण घरातूनच सांगावे की पीक फुलात असताना शक्यतो फवारू नये, टाळता येत नसेल तर सकाळी न फवारता तिन्हीसांजेला फवारावे, आणि वारा परसाकडे वाहत असेल त्या दिवशी पंप खाली ठेवावा. शेजारी मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी निरोप द्यावा.

कांद्याचे बी धरणाऱ्यांसाठी

ज्या घरात कांद्याचे बी धरतात त्यांनी हे जरूर वाचावे. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलाचा पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून दुसऱ्या फुलावरून पराग आणणारी माशी नसेल तर गोंडा दिसतो भरलेला आणि बी निघते फोल. त्यात कांद्याचा मध माशीच्या फारसा आवडीचा नाही. दुसरे चांगले फूल जवळ असेल तर ती तिकडे जाते.

तेव्हा डेलिया कांद्याच्या आधी फुलावा, म्हणजे माशी टापूत राहील. डेंगळे उमलू लागले की प्लॉटशेजारच्या डेलियाची फुले दोनतीन आठवडे रोज सकाळी खुडून घ्यावीत आणि देवाला, शाळेला, शेजारणीला द्यावीत. कांद्याचा बहर ओसरला की पुन्हा फुलू द्यावे. झाडाला याने काही तोटा होत नाही, उलट नवे फुटवे येतात.

वेलांना अडीअडचणीला

पहिल्याच वर्षी माशी भरपूर येईल असे नाही. तोवर भोपळ्याचे फळ गळत असेल तर हाताने परागीकरण करावे. सकाळी नऊच्या आत नुकते उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलक्या हाताने फिरवावा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरते. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, म्हणून त्यांचे हे काम दिवेलागणीला करावे.

कंद जपून ठेवावेत

चैत्राचे ऊन तापले की फुले लहान होतात, पाने कडेने करपतात. तेव्हा पाणी हळूहळू तोडावे. पाने वाळली की खोड वीतभर ठेवून कापावे आणि कुदळ लांबून घालून कंदाचा झुबका मानेसकट उचलावा. माती झटकावी, दोनतीन दिवस सावलीत सुकवावा. धुऊ नये. फुटक्या माठात कोरड्या वाळूत आणि राखेत पुरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावा. उंदरांपासून जपावा. महिन्यातून एकदा बघावे. सडलेला काढून टाकावा आणि सुरकुतलेल्यावर पाण्याचा हलका हात मारावा. पावसाळ्यात कंद जमिनीत राहिला तर बहुधा सडतो.

बी धरायचे असेल तर माघाच्या शेवटी चांगल्या एकेरी झाडांवरची चारसहा फुले खुडू नयेत. वाळून तपकिरी झाली की दाणे काढून कागदात बांधून ठेवावेत. गच्च जाती जवळ असतील तर काही रोपे भलतीच निघतील. फूल येताच ती ओळखून देवाच्या ओळीत हलवावीत.

महिनेवार कामे

भाद्रपद : ओसरीला बी पेरणे, जुने कंद वाळूवर मांडणे.
आश्विन : वाफा तयार करणे, दसऱ्याच्या सुमारास रोपे लावणे, काठ्या रोवणे.
कार्तिक : अर्ध्या रोपांचे शेंडे खुडणे, आच्छादन घालणे, मावा बघणे.
मार्गशीर्ष ते माघ : फुले. सुकलेली खुडणे, शेणकाल्याचे पाणी देणे, माशीला पाणी ठेवणे. पौषअखेरीस भोपळा-काकडीचे उन्हाळी बी टोकणे.
फाल्गुन : वेलांना फुले येण्याचा काळ. फवारा बंद.
चैत्र : पाणी तोडणे, कंद काढणे.

एक पाकीट बी, घमेलेभर माती आणि आठदहा फूट जागा, एवढाच या कामाचा खर्च. सासूबाई, सून आणि शाळकरी पोरे मिळून ते रविवारच्या एका दिवसात उभे करू शकतात. येत्या फाल्गुनात मांडवाखाली उभे राहून गळालेली आणि धरलेली फळे मोजा, गेल्या वर्षीच्या आठवणीशी ताडून पाहा, आणि पुढच्या भाद्रपदात एका वाफ्याचे दोन करायचे का, ते तुमचे तुम्हीच ठरवा.